धाकटीशी कोणत्या बोलीत बोलायचं

माझी धाकटी बहीण चालायला वेळेवर लागली, दातही वेळेवर आले, फक्त बोलायचं तेवढं तिने मनावर घेतलं नाही. तिच्या वयाची शेजारची पोरं चुगल्या सांगू लागली, भांडू लागली, आरती अर्धीमुर्धी म्हणू लागली. आमची मात्र 'आये', 'दे', 'नको' आणि 'भू' एवढ्यावर संसार चालवत होती. 'भू' म्हणजे पिण्याचं पाणी, आंघोळ, पाऊस आणि चुकून सांडलेलं दूध. सावित्री नदीला पूर आला की ओट्यावरून बोट दाखवून ती 'भू' म्हणायची, आणि खरं सांगायचं तर एवढ्या पाण्याकडे बघून आम्हाला तरी दुसरं काय सुचत होतं?

मी तिच्याहून सात वर्षांनी मोठी. प्रत्येक गोष्ट उलटी करून खालून बघायची मला खोड. कोंबडी डोळा मिटताना पापणी खालून वर का नेते, तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो आणि कोमट तव्यावर का नाचत नाही, असल्या नसत्या चौकशा मी दिवसभर करायची. आत्या मला भोचक म्हणायची. मला तो शब्द आवडायचा.

आमचं घर महाडात, बाजारपेठेच्या मागच्या आळीत. पन्नाशीच्या दशकाची शेवटची वर्षं चालू होती. बाबा कोर्टात कारकून. त्यांची थोरली बहीण, म्हणजे आमची आत्या, तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतली होती आणि मुलींच्या शाळेत शिकवायची. आई कुडपणची, पोलादपूरच्या वरच्या पठारावर नाचणी-वरी पिकवणाऱ्या घरातली. बाबा कोर्टासारखं बोलायचे, आत्या पुस्तकासारखं आणि आई डोंगरासारखं. 'नाही'ला 'नाय', 'आहे'ला 'हाय'. तिच्या बोलण्याला घरात कुणी नावं ठेवत नसे, पण कुणी पाहुणा आला की आई आपोआप कमी बोलायची.

धाकटीवर उपाय सुरू झाले. वेखंड उगाळून मधातून जिभेला लावलं. कुणीतरी सांगितलं म्हणून पोपटाने टोचलेला पेरू शोधून आणला; तो तिने आवडीने खाल्ला आणि आणखी मागितला, बोटानेच. देवळातली घंटा उलटी धरून त्यात पाणी ओतून तेही पाजलं. शेजारची एक काकू रोज येऊन 'आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' असं म्हणायची. मला तिचा असा राग यायचा की एकदा मी तिची चप्पल उचलून तुळशीवृंदावनामागे टाकली होती. कारण ते खोटं होतं. आडात होतं. पोहरा अर्ध्यावरून रिकामा वर येत होता, आणि का ते मला बघायचं होतं.

आधी मी तिचे कान तपासले. ती पाठमोरी असताना पितळी ताट फरशीवर टाकलं. ती दचकली, आणि मला मार बसला. मग हलक्या आवाजाचे प्रयोग केले. लांबच्या खोलीत गुळाचा डबा उघडला तरी ती हजर. म्हणजे कान माझ्यापेक्षा चांगले. मग डोकं तपासलं. सोंगट्या लपवल्या, त्या तिने शोधल्या. दोरीला पडलेली गाठ मला सुटेना, ती तिने सोडवली. आमच्या मांजरीला किती पिल्लं झाली आणि त्यातलं कुठलं हरवलं, हे माझ्याआधी तिला कळलं होतं. म्हणजे डोकंही शाबूत.

मग राहिलं काय? मी तिला कामं सांगून बघू लागले. 'वाटी आण' म्हटलं की वाटी यायची. 'वाटी आण आणि आत्याला दे' म्हटलं की कधी वाटी यायची, कधी ती नुसतीच आत्याजवळ जाऊन उभी राहायची. 'हात धुतल्याशिवाय लाडू घ्यायचा नाही' म्हटलं की सरळ लाडू घ्यायची, आणि ओरडलं की तिच्या चेहऱ्यावर असं काही आश्चर्य दिसायचं की ओरडणाराच गडबडून जायचा. ती लबाडी नव्हती. लांब वाक्यातले एकदोन शब्द तिच्या हाती लागत आणि बाकीचं सांडून जाई. जे हाती लागलं त्याप्रमाणे ती अगदी इमानदारीने वागायची. हे मला कळलं होतं, पण बारा वर्षांच्या भोचक मुलीला कोण विचारतो?

अखेर निदान आत्याने केलं. एका रविवारी जेवणं झाल्यावर ती बाबांना म्हणाली, "अरे, तिला दोन बोली एकदम ऐकायला मिळतायत. आई म्हणते नाय, मी म्हणते नाही. लेकराने धरायचं काय? दोन घरचा पाहुणा उपाशी, तसं झालंय तिचं. आता घरात सगळ्यांनी एकच भाषा बोलायची, शुद्ध. शाळेत तीच लागणार आहे."

हे बोलताना आत्याच्या मनात कुणाला कमी लेखायचं नव्हतं. शाळेत न बोलणाऱ्या मुलींचं काय होतं ते तिने वर्षानुवर्षं पाहिलं होतं. त्यांना मागच्या रांगेत बसवतात आणि मग घरी बसवतात. धाकटीचं तसं व्हायला नको म्हणून ती जिवाचं रान करत होती. रोज संध्याकाळी मांडीवर घेऊन तिला चित्रं दाखवायची. पण त्या रविवारी आई ताटं उचलत होती, ती तशीच ताटं हातात घेऊन उभी राहिली. बाबा म्हणाले, "बघू करून." आई म्हणाली, "बरं."

आईने तो नियम सासुरवाशिणीच्या सगळ्या इमानाने पाळला. अडचण अशी की तिला शुद्ध बोलता येत असे, पण बोलताना आधी मनात जुळवावं लागे. माझ्याशी, बाबांशी ती जुळवून बोलू शके, आम्ही थांबायचो. न्हाऊ घालताना, वेणी घालताना, भरवताना पोराशी जे बोलणं चालतं ते कुणी जुळवून बोलतं का? ती नुसती चालत असते ती बडबड. ती बंद पडली. आई धाकटीला तेल लावायची ती गप्प, भरवायची ती गप्प. फार तर "हं, घे" म्हणायची. पूर्वी न्हाणीघरातून सतत आवाज यायचा, आता फक्त तांब्याचा आवाज यायचा. धाकटी आईच्या तोंडाकडे बघत बसायची. आधीच बोलणं कमी असलेल्या पोरीकडून सगळ्यात जास्त बोलणारं माणूस काढून घेतलं गेलं होतं, आणि घरातलं प्रत्येक माणूस समजत होतं की आपण तिच्या भल्याचं करतोय.

मेच्या सुट्टीत आम्ही तिघी कुडपणला गेलो. पोलादपूरपर्यंत एस.टी., पुढे पायी चढण. अर्धी चढण संपेपर्यंत आई गप्प होती. मग एका वळणावर सावलीत टेकलो, आणि धाकटीच्या पायातला काटा काढता काढता ती एकदम बोलायला लागली. "थांब गो, हालू नको. ह्यो बघ काटा. केवडा हाय बघ." मी ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं. आईनेही माझ्याकडे बघायचं टाळलं. पठारावर पोहोचेपर्यंत तिचं तोंड थांबलं नाही.

मामाच्या घरी राब भाजायचे दिवस होते. पावसाआधी रोपांच्या जागेवर पालापाचोळा, शेण पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. धाकटी दिवसभर आईच्या मागे. आई टहाळ, म्हणजे पाल्याची फांदी, उचलायची, नाव सांगायची, तिच्या हातात द्यायची. तिचे शब्द थोडे वाढले, हे खरं. मला वाटलं, सापडलं! आत्याचं निदान बरोबर, फक्त उलटं. पोरीला डोंगराची बोली हवी होती. पण चौकस माणसाचं एक दुःख असतं, त्याला आपलाच आनंद तपासून बघावासा वाटतो. मी तिला मामाच्या पोरांबरोबर सोडून लांबून बघत बसले. तिथेही तेच. 'म्हशीला पानी दावून मंग खुट्याला बांद' म्हटलं की ती म्हैस तहानलेलीच बांधायची. कुदळीचा शब्द सापडला नाही की हाताने खणून दाखवायची. पोरं हसायची. महाडात अडत होतं तिथेच इथेही अडत होतं.

गंमत म्हणजे मामाचंही निदान तयार होतं. "पोरीच्या डोक्यात ती म्हाडची भाशा घातलीत तुमी," तो आईला म्हणाला. "त्यानं तिची जीभ बांदली गेली. हितं ठेव तिला वरीसभर." म्हणजे खाली सगळं खापर डोंगरावर आणि वर सगळं खापर शहरावर. दोन्हीकडची माणसं शहाणी, दोन्हीकडची मायेची, आणि दोन्हीकडे माझी बहीण मध्येच उभी. मला हसूही आलं आणि रडूही.

मामा नुसता बोलून थांबला नाही, त्याने ग्रामदेवतेला कौल लावायचं ठरवलं. आमच्याकडे हे सगळ्याच गोष्टींना चालतं; बैल घ्यायचा का, मुलगी द्यायची का. गुरव पाकळ्या ओल्या करून देवाच्या दगडी मूर्तीला दोन्ही बाजूंना चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. गुरवाने विचारलं, पोरीची जीभ शहराच्या बोलीने बांधली गेली का? बऱ्याच वेळाने डावी पाकळी सुटून खाली आली. मामाचा चेहरा उतरला. सगळे उठायला लागले तशी मी म्हटलं, "मग डोंगराच्या बोलीमुळे झालं का, तेही विचारा."

गुरव माझ्याकडे बघून म्हणाला, "देवाला असं उलटतपासनी घेऊन इचारीत नाय गो."

"पन इचार की," आई म्हणाली. देवळात बायका सहसा मध्ये बोलत नसत. गुरवाने कुरकुरत पुन्हा पाकळ्या चिकटवल्या. पुन्हा डावीच पडली.

तो देवाचा कौल होता का पाकळीच नीट चिकटली नव्हती, ते मला अजून माहीत नाही. पण माझ्या प्रयोगांचा आणि देवाचा निकाल एकच आला होता, आणि मी त्या दिवशी फार खूश होते. महाडला परतल्यावर मी तो निकाल आत्याला सांगितला. ती म्हणाली, "पाकळ्यांवर शाळा चालत नाही," आणि विषय संपला. आईचं तोंड पुन्हा मिटलं.

आज या गोष्टीला नाव आहे, भाषाविकासाचा विकार. ते मला साठी उलटल्यावर कळलं, धाकटीच्या नातवाला मुंबईत वाचेचे उपचार करणाऱ्या बाईंकडे नेलं होतं तेव्हा. मी सोबत गेले होते, आणि अर्थातच भिंतीवरचा कागद न् कागद वाचत बसले. बाईंनी सांगितलं की काही मुलांची भाषाच मुळात अवघड वाटेने वाढते. कान चांगले असतात, समजही चांगली असते, आईबापांचं काही चुकलेलं नसतं. बऱ्याचदा ते घराण्यात असतं. मी विचारलं, घरात दोन भाषा असतील तर? त्या म्हणाल्या, त्याने असं होत नाही. उलट आईने स्वतःला सहज येणाऱ्या भाषेतच भरपूर बोलावं. नातवाची आई वहीत लिहून घेत होती. मी उठून बाहेर व्हरांड्यात गेले आणि थोडी रडले. एवढं साधं वाक्य सांगणारं माणूस तेव्हा आमच्या अख्ख्या तालुक्यात नव्हतं.

तर कुडपणहून परतल्यावरची गोष्ट. पाऊस सरला होता. आत्या धाकटीला घेऊन पोलादपूरला एका बारशाला निघाली. स्टँडवर गेल्यावर तिला आठवलं की नारळ राहिला. धाकटीला बाकावर बसवून ती समोरच्या दुकानात गेली. दुकानात गर्दी होती. नारळ घेऊन येते तो बाक रिकामा. तिने स्टँड पालथा घातला, नदीकडचा रस्ता बघितला, आणि मग अनवाणीच घरी धावत आली, कारण चपला कुठे सुटल्या तेही तिला ठाऊक नव्हतं. धाकटी तेव्हा सहा वर्षांची होती, आणि तिला अनोळखी माणसाला ना आपलं नाव धड सांगता येई ना बापाचं.

आई तशीच निघाली. आम्ही तिघी स्टँडवर आलो. बाबांना निरोप गेला. माणसं नदीकडे धावली, कुणी चवदार तळ्याकडे गेलं. माझं डोकं मात्र आपल्या सवयीने चालू होतं. मी आत्याचा हात धरून विचारलं, "तू जाताना तिला काय सांगितलंस? जसंच्या तसं सांग."

"काय सांगणार? म्हटलं, पोलादपूरची गाडी आली तरी मी आल्याशिवाय चढू नकोस, इथेच बसून राहा."

"मग ती गाडीत चढली," मी म्हटलं. "तिला गाडी आली एवढं कळलं असेल, आणि चढ. मधलं सगळं सांडलं असेल. ती पोलादपूरच्या गाडीत आहे."

गाड्यांची नोंद ठेवणारे गृहस्थ म्हणाले की पोलादपूरची गाडी तेवढ्यात सुटली होती खरी, ती परत येईल तेव्हा कळेल. ती गाडी येईपर्यंतचा वेळ आम्ही कसा काढला ते मला सांगता येणार नाही. आई एका खांबाला धरून उभी होती, आणि तिचे ओठ हलत होते.

गाडी आली. दार उघडलं आणि कंडक्टरच्या बोटाला धरून धाकटी उतरली. तो म्हणाला, "पोलादपूरला सगळे उतरले, ही उतरेना. कोण, कुठली, काय विचारलं तरी 'आत्या नारळ' एवढंच. शेवटी म्हटलं, जिथून चढली तिथेच न्यावी."

आई पुढे झाली. तिने आत्याकडे एकदा बघितलं आणि एकेक शब्द जुळवत म्हणाली, "बाळ, तू कुठे गेली होतीस? आम्ही तुला फार शोधत होतो."

अगदी शुद्ध. वाचनपाठातल्यासारखं. धाकटी जिथे होती तिथेच उभी राहून तिच्या तोंडाकडे बघत राहिली, कुणी परकी बाई बोलत असावी तशी. तरी आई नियम मोडत नव्हती.

आत्या बाकावर मटकन बसली. तिच्या हातात तो नारळ अजून तसाच होता. ती म्हणाली, "अगं, तुझं तू बोल तिच्याशी. माझ्याकडे नको बघूस. तुझं जे आहे ते बोल."

आईने लेकीला ओढून उराशी धरलं. "कुठं गेलीस गो माजे बाय? जीव ऱ्हायला नाय ना माजा. कुठं गेलीस?" ती एकदा बोलू लागली ती थांबेचना. सगळं स्टँड बघत होतं.

"गाडी आली," धाकटी म्हणाली. "आत्या नाय." आणि तिने आईच्या खांद्यावर मान टाकली.

घरी आल्यावर आत्याने मला शेजारी बसवलं आणि म्हणाली, "तू काय काय बघितलंयस तिचं, ते सगळं सांग." मी सांगितलं, ताटापासून म्हशीपर्यंत. तिने मध्ये एकदाही मला भोचक म्हटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती धाकटीशी छोटी वाक्यं बोलू लागली, एका वेळी एकच काम, शक्य तर वस्तू हातात देऊन. शाळेतही तिने धाकटीला पुढच्या रांगेत बसवलं. धाकटी चौथीपर्यंत रडतखडत शिकली. तिचं अडखळणं कधी गेलं नाही. आजही ती गोष्ट मधूनच सुरू करते. पण तिने घर केलं, मुलं वाढवली, आणि तिच्या हातची भाजीची वाडी सगळी आळी बघायला यायची. आणि न्हाणीघरातून पुन्हा आवाज येऊ लागला. धाकटीशी आई जन्मभर कुडपणच्या बोलीत बोलली.

आईच्या शेवटच्या आजारात मी मुंबईहून आले. दुपारची वेळ होती. धाकटी उशाशी बसली होती. आई तिला म्हणाली, "पानी दे गो जरा, घसा सुकलाय." मग मला बघून तिने डोक्यावरचा पदर सावरला आणि म्हणाली, "बस, बाळ. प्रवासाने दमली असशील. जेवलीस का?"

मला धाकटीचा हेवा वाटला. इतका स्पष्ट हेवा मला आयुष्यात कुणाचा वाटला नव्हता. त्या दिवशी स्टँडवर आत्याने परवानगी दिली होती ती तिच्यापुरती. मी नीट बोलत होते, शाळेत पहिली येत होते, त्यामुळे माझ्याबद्दल कुणाला काही ठरवावंच लागलं नाही. मी आईचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "आई, माझ्याशीही तशी बोल ना, तिच्याशी बोलतेस तशी."

तिने बोलायला तोंड उघडलं, थांबली, आणि म्हणाली, "आता तुझ्याशी मला तसं बोलता येणार नाही, बाळ."